पोट दुखायचं निमित्त

दि. ४ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आशीर्वाद.

आतड्याचं ऑपरेशन नीट झालं, परवा घरी आलो. आईने फोनवर सांगितलंच असेल. पण काही गोष्टी मला फोनवर बोलता येत नाहीत, म्हणून हे पत्र.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी चालायला लावलं. चालल्याशिवाय आतडी जागी होत नाहीत म्हणे. जन्मभर शाळेच्या मैदानावर शिट्टी फुंकून पोरं पळवली, आणि इथे भिंत धरून वीस पावलं टाकताना तोंडाला फेस आला. डॉक्टर रोज सकाळी एकच विचारत, वारा सरला का. सरला तेव्हा अख्ख्या वॉर्डाने टाळ्या वाजवल्या. हसलीस तरी चालेल.

मला चालवायला यायची ती फिजिओथेरपिस्ट तुझ्याच वयाची. तिला सहज सांगितलं, माझी मुलगी लांब पल्ल्याचं धावायची, पण शर्यतीत पोट दुखतं म्हणून सोडलं. ती म्हणाली, बेताने चालण्याने पोट सुधारतं, पण जीव तोडून पळताना रक्त पायांकडे जातं आणि पोटाला कमी पडतं. भल्याभल्यांना कळा येतात, जुलाब होतात. मग तिने विचारलं, शर्यतीआधी खायला काय द्यायचात. तांब्याभर दूध आणि दोन अंडी, मीच समोर उभा राहून संपवायला लावायचो. एवढं जड पोटात घेऊन पळवलं तर कळा येणारच, ती म्हणाली. मला पुढचं पाऊल टाकवेना.

चारचौघांत तुला निमित्तखोर म्हणालो होतो. चुकलो.

लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही.
तुझे बाबा

दि. १९ जानेवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळून दहा दिवस झाले. तीनदा उत्तर लिहिलं आणि फाडलं. जाऊ द्या बाबा, असं लिहायला बसते आणि ते खरं नसतं.

त्या शर्यतीचे शेवटचे दोन फेरे उरले होते. मी पहिली होते. मैदान सोडून संडासाकडे पळाले, परत आले तेव्हा तुम्ही माझा टॉवेल दुसऱ्या मुलीला देत होतात. सतरा वर्षांची होते मी. तुमचा तो 'निमित्तखोर' शब्द नंतर सगळ्या शाळेने उचलला.

आता माझंही ऐका. छापखान्यात आठ तास मुद्रितं तपासत बसते, उठते ती चहापुरती. दोन वर्षांपूर्वी बद्धकोष्ठाने हैराण झाले, तर डॉक्टरीणबाईंनी औषधाआधी रोज अर्धा तास चालायला सांगितलं. नाही चालले. चालून बरं वाटलं असतं तर व्यायामाच्या बाबतीत तुम्ही खरे ठरला असता, आणि ते मला नको होतं. पोट माझं, हट्टही माझाच. तुमच्यावर रागावून पंधरा वर्षं मी स्वतःलाच खुर्चीत डांबून ठेवलं, हे तुमचं पत्र वाचताना कळलं.

पुढच्या शनिवारी दोन दिवस येते. टाक्यांना जपा. आईला नमस्कार.
जमेल तसा लोभ आहे.
आपली भिंगरी

दि. ९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आशीर्वाद.

तू सुखरूप पोचल्याचं कळलं. आई म्हणते, घर पुन्हा मुकं झालं.

रविवारी आपण कालव्यापर्यंत गेलो, तू माझ्या चालीने चाललीस. वाटेत मला बरंच बोलायचं होतं, पण तू छापखान्यातल्या चुकांचे किस्से सांगत होतीस आणि मी हसत राहिलो. परतताना तुझ्या पोटात कळ आली. कठड्यावर बसायच्या आधी तू माझ्याकडे पाहिलंस. बसू का, असं विचारल्यासारखं. तेहतिशीला टेकलेली बाई, स्वतः मिळवून खाणारी, आणि बाप आता काय म्हणेल म्हणून घाबरलेली.

मी शेजारी बसलो. तू उठेपर्यंत उठलो नाही. याहून जास्त काही करायचं नव्हतंच, तेव्हा मैदानावरही नव्हतं. पण ती नजर काही केल्या डोळ्यांपुढून जात नाही. ती माझीच कमाई आहे.

चालत राहा, दुखलं की थांब. लोभ तुझ्या सवडीने वाढू दे.
तुझे बाबा