गिझरचा पायलट

११ डिसेंबर, सकाळ
गॅस गिझर पेटला नाही. नळ सोडला की नुसता टिक टिक वाजतो आणि गप्प बसतो. किरकोळ बाब. सुकेशनी म्हणाली, बन्सी मेकॅनिकला फोन करा, घरात पंधरवड्याचं लेकरू आहे. बायकोनं असा अविश्वास दाखवू नये. आख्खी नोकरी आयटीआयमध्ये काढली आहे. आस्थापना विभागात होतो, पण वर्कशॉप समोरच होतं. खिडकीतून सगळं दिसायचं.

करुणा पहिल्या बाळंतपणाला आली आहे. सव्वा महिना राहणार. नातू माझ्यावर गेला आहे, कपाळ तर हुबेहूब. सध्या मला बघून रडतो. ओळख वाढली की थांबेल.

संकल्प: उद्या गिझर चालू करणे. मेकॅनिक नाही म्हणजे नाही.

१२ डिसेंबर
नवे सेल टाकले. टिक टिक आता जोरात वाजते. म्हणजे प्रगती आहे.

बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला भामाबाई येते. ती मागच्या ओट्यावर ताटकळत बसली होती. म्हणाली, "साहेब, घड्याळ दुरुस्त करायलेत का?" मी लक्ष दिलं नाही. शेवटी सुकेशनीनं शेगडीवर पातेली चढवली.

जावई अतुलचा फोन. म्हणे, पप्पा, टाकीत पाणी कमी असेल. वरून प्रेशर आलं नाही की गॅस गिझर पेटत नाही. आमच्या गल्लीत नळाला पाणी आठव्या दिवशी येतं आणि टाकी निम्म्याखाली गेली आहे, हे खरं. पण गॅसवर चालणाऱ्या वस्तूला पाण्याचं प्रेशर कशाला? पोरगा बँकेत आहे. गुणी आहे, टेक्निकल नाही.

१३ डिसेंबर, दुपार
दोष सापडला. मोबाईलवर एका विलायती गृहस्थाचा व्हिडिओ पाहिला. गिझरच्या आत एक बारीक ज्योत कायम जळत असते, तिला पायलट म्हणतात. पायलट विझला की गिझर बंद. त्यानं बटण दाबलं, काडी लावली, पायलट पेटवला. चहा होईस्तोवर होणारं काम आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळ
सिलिंडर बंद करून कव्हर काढलं. पायलट दिसला नाही. बॅटरी लावून बघितलं, आरसा धरून बघितलं. नाही. करुणा म्हणाली, पप्पा, आपला सेलवाला आहे, त्याला पायलट नसतोच. तिला अशक्तपणा आहे, म्हणून वाद घातला नाही. कंपनीनं पायलट न घालताच माल विकलेला दिसतो. इतकी वर्षं आम्ही बिनपायलटचा गिझर वापरत होतो. अंगावर काटा आला.

१४ डिसेंबर
पायलट आणायला शहागंजात गेलो. दुकानदार म्हणाला, "चचा, पायलट हमारे पास कां मिलते? चिकलठाणे जाओ." चिकलठाण्याला एमआयडीसी आहे, तेव्हा मला पटलं. रिक्षात बसलो. ड्रायव्हरनं विचारलं, एअरपोर्टला का? मग समजलं. खाली उतरलो. या शहरात जबाबदारीनं उत्तर देणारा माणूस उरलेला नाही.

घरी सुकेशनी कंबर धरून पातेली उतरवत होती. म्हणाली, "तुमच्या पायलटपायी माझी कंबर गेली. एक तर बन्सीला बोलवा, नायतर मी पोरीला सासरी धाडते. साहेबरावांकडं सोलर हाय." व्याह्यांचं नाव मुद्दाम काढलं. साहेबराव प्रत्येक भेटीत आम्हाला गच्चीवर नेऊन सोलर दाखवतात.

नातू सव्वा महिना इथंच राहील. प्रश्न तत्त्वाचा आहे. तत्त्वाचा नाही म्हटलं तरी, तो गेला तर मला सहन होणार नाही. हे घरात कोणाला सांगितलेलं नाही.

१६ डिसेंबर
पेटला!

सकाळी नळाला पाणी आलं. टाकी काठोकाठ भरून घेतली आणि मग निवांत गिझरकडे वळलो. पाइपवर पान्यानं दोन ठोके दिले, आत एक फुंकर मारली, नळ सोडला. भक्कन पेटला. भामाबाई म्हणाली, "पेटला की वो साहेब!" पाणी इतकं कडक, की विसण घालावं लागलं.

अतुलला फोन करून सांगितलं, पायलटशिवाय पेटवला. तो म्हणाला, आज टाकी भरली असेल. या पिढीला कौतुक करता येत नाही.

सुकेशनीला बन्सीचा नंबर डिलीट करायला सांगितलं. केला नाही.

१७ डिसेंबर
दोन ठोके, एक फुंकर. पेटला. पद्धत सिद्ध झाली. रविवारी साहेबराव आणि विहीणबाईंना जेवायला बोलावलं आहे. बाळाच्या आंघोळीच्या वेळेलाच या म्हणालो. बघू दे सोलरवाल्यांना.

१९ डिसेंबर
ठोके वाढवावे लागले. फुंकरीत जोर कमी पडत असावा. टाकी पुन्हा उतरली, दुपट्यांना पाणी फार लागतं. तो विषय वेगळा.

२१ डिसेंबर, रविवार
मंडळी वेळेवर आली. भामाबाईनं बाळाला पायावर घेतलं, डाळीचं पीठ लावलं. मी पाहुण्यांना गिझरसमोर उभं केलं. ठोके, फुंकर, नळ. पेटला. मी म्हणालो, बघा. तेवढ्यात विझला.

मग पुन्हा ठोके. टिक टिक. पुन्हा ठोके. साहेबरावांना पद्धत समजावून सांगत होतो, तेव्हा मागून भामाबाई ओरडली, "तुमचा पायलट गेला चुलीत! लेकरू काकडायलंय, पाणी आणा आधी!" बघितलं तर बाळ पिठानं माखलेलं, हुडहुडी भरलेलं. रडून रडून आवाज बसला होता. सुकेशनी शेगडीकडे पळाली. साहेबरावांनी अंगावरची शाल काढून त्याला गुंडाळलं. सोलरचं नावसुद्धा काढलं नाही. तेच लागलं.

दुपारी करुणानं बॅग भरली. म्हणाली, पप्पा, राग मानू नका. सुकेशनीही तिच्यासोबत गेली. भामाबाई उद्यापासून तिकडंच जाणार. मंडळी गाडीत बसली तेव्हा मी बाळाला बाय केलं. या वेळी रडला नाही. झोपलेला होता.

२२ डिसेंबर
घर शांत आहे. कामाला मोकळीक मिळाली. गिझरला हात लावला नाही. दोरीवर एक झबलं राहून गेलं आहे. वाळलं आहे. काढावंसं वाटत नाही.

२४ डिसेंबर
पहाटे नळाला पाणी आलं. टाकी भरली. दहाच्या सुमाराला मोरी धुवावी म्हणून गरम पाण्याचा नळ सोडला. ठोकलं नाही, फुंकर नाही. भक्कन पेटला. आधीच्या मेहनतीचा परिणाम उशिरा दिसतो, हे आयटीआयमध्येही पाहिलं आहे.

लगेच करुणाला फोन केला. गिझर ठणठणीत आहे, म्हणालो, आजच या. ती म्हणाली, पप्पा, त्याची आंघोळ झाली आत्ताच. इथं रमलाय. आजोबांच्या मांडीशिवाय झोपत नाही. मी म्हणालो, चांगलं आहे. मग कळलं, आजोबा म्हणजे साहेबराव.

नळ चालूच होता. बादली भरली, वाफा येत होत्या. पाणी वाया घालवणं माझ्या स्वभावात नाही. सकाळी गार पाण्यानं आंघोळ झाली होती. पुन्हा केली.