दोन वह्यांचं यंत्र

थ्युरिंगिया, १४ मार्च १९५६

प्रिय ट्राउटे,

मावशीचे गुडघे कसे आहेत? इकडे सगळे ठीक. आईच्या बटाट्याच्या गोळ्यांत अजूनही मीठ जास्तच असतं.

मी मात्र वैतागलेय. भिंगांची गणितं आता यंत्र करतं. कपाटंच्या कपाटं, त्यात हजारो रिले, म्हणजे विजेनं आपोआप उघडमीट करणारी बटणं, आणि दिवसभर टकटक टकटक. धूळ चालत नाही म्हणून खिडक्या बंद. एका रिलेत कचरा अडकला की सगळं ठप्प, मग मी कुंचला घेऊन कपाटात डोकं घालते. आपण बारा जणी कागदावर करायचो तेव्हा निदान जेवताना तरी शांतता असायची!

यंत्राची दोन अंगं आहेत. दोन्ही तेच गणित आपापलं करतात. उत्तर जुळलं नाही की लाल दिवा लागतो. आपल्या दोघींच्या दोन वह्यांसारखंच. पाहुणे आले की फोग्ट साहेब दिव्यावर टिचकी मारून सांगतात, "ही भावंडं एकमेकांच्या वहीत डोकावत नाहीत हं! आमच्याकडे एक ट्राउटे होती, ती डोकावायची." सगळे हसतात. महिन्याभरात नऊ वेळा ऐकलं मी हे.

चूक तुझी होती, एका अंकाची. पण दोन्ही वह्यांत तीच निघाली, म्हणजे एकीनं उतरवलं होतं. तू नवी, म्हणून उतरवल्याचा ठपका तुझ्यावर आणि नोकरी गेली. मूळ चूक साहेबांनी माझी धरली आणि माफही केली. मी खाली मान घालून पेन्सिलीला टोक काढत बसले. त्या शनिवारी मला हेल्मुटबरोबर नाचायला जायचं होतं गं. त्यानं पुढे पोस्टातल्या मुलीशी लग्न केलं, ते वेगळंच.

तुला हे ठाऊकच आहे. म्हणून तर तीन वर्षं मी मावशीचे गुडघे विचारते आणि पुढचं लिहीत नाही.

आज ड्रेस्डेनचे पाहुणे आले. पुन्हा तेच. मी कपाटातून डोकं काढलं नि ओरडले, "ट्राउटेनं नाही! मी उतरवलं होतं, मी!" कुणी हसलं नाही. यंत्र मेलं टकटकतच होतं.

साहेब म्हणाले, "बाई, उद्यापासून इकडे येऊ नका." दारापर्यंत गेले, परत वळले आणि तुझा पत्ता मागितला. मी दिला नाही. तू डेअरीत बाटल्या धुतेस तिथे त्यांनी यावं की नाही, हे तूच ठरव.

माफ कर म्हणायला मला तोंड नाही. पण या पत्रातलं अक्षर न् अक्षर माझं आहे.

तुझ्या वहीत डोकावलेली,
इर्मा