भोंग्याला सुट्टी

४ ऑक्टोबर, शनिवार

आवाज गेला! भर सभेत, ऐन वाक्यात. मना-शरीराच्या दुखण्यांवर दर शनिवारी बोलायची, बेकरीच्या वरची आमची नेहमीची खोली, समोर जेमतेम डझनभर माणसं, आणि मी गरजत होते — "पोट दुखलं तर गल्लीभर सांगता, मग मन दुखलं की दाराला कडी का?" 'कडी'वर घशातून नुसता वारा आला. लोकांना वाटलं, भावना अनावर झाल्या. टाळ्या पडल्या!

दादा मागे खुर्च्या लावत होता. म्हणाला, "फुटला वाटतं आमचा भोंगा."

५ ऑक्टोबर

घशाचे डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस मौन. कुजबुजसुद्धा नाही. मी कागदावर लिहिलं, 'भाषण?' तर हसले. "पुस्तकं वाचा, बाई." घरातली सगळी वाचून झालीत, हे काय लिहून सांगणार!

गळ्याला रुमाल, हातात पाटी. वहिनी म्हणाली, "वन्सं, आता तुमची भांडणंही शुद्धलेखनासकट!"

७ ऑक्टोबर

वहिनी दुपारी एकटीच आली. बोलत राहिली. एरवी तिच्या दुसऱ्या वाक्याला मी उपाय सांगते. आज पाटी मांडीवर उपडी होती.

दादा हल्ली बस चालवत नाही, ते कंबरेमुळे — डेपोत, शेजारीपाजारी, माझ्याकडेही हेच सांगितलेलं. कंबरेचा एक्स-रे स्वच्छ आहे! खरं असं, की स्टिअरिंगवर हात ठेवला की त्याची छाती धडधडते, घाम फुटतो, मागे बसलेली सगळी माणसं आपल्या हातून मरणार असं वाटतं. "मनाच्या डॉक्टरांकडे चला म्हटलं, तर म्हणतात, मी काय वेडा आहे?" महिनाअखेर कामावर हजर व्हायचंय. नाहीतर नोकरी गेली.

माझा सख्खा भाऊ. दर शनिवारी माझी भाषणं ऐकतो — कंबरेला पट्टा बांधून!

८ ऑक्टोबर

दादासाठी पाटीभर लिहिलं, दाखल्यांसकट. त्याने वाचलं, पाटी पुसली. "चहा घेणार?"

१० ऑक्टोबर

उद्याची सभा रद्द करावी म्हटलं. नर्सबाई — वयात येणाऱ्या मुलामुलींचं शरीर हा आमच्याकडे तिचा विषय — ऐकेना. "तुम्ही लिहा, कुणीतरी वाचेल." कुणीतरी म्हणजे दादाच. म्हणाला, "नुसतं वाचायचंय ना? मग काय!"

११ ऑक्टोबर, शनिवार

आत्ताच सभेहून आले. लिहितेच.

मी लिहून दिलं होतं झणझणीत. दादा बातम्या द्याव्यात तसा वाचू लागला. "मित्रहो, मनाचा आजार म्हणजे दुबळेपणा नव्हे. तो… तो…" अडला. मी पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. त्याने ते हळूच बाजूला केलं.

"हे हिचं झालं. माझं वेगळंय. माझी कंबर ठणठणीत आहे." आणि पट्टा सोडून खुर्चीवर ठेवला! मग सगळं सांगितलं. स्टिअरिंग, घाम, ती मागची माणसं. साधं, तुटक. माझ्या घशाशी एक म्हण आणि अख्खं सुभाषित येऊन थांबलं — डॉक्टरांची कृपा!

मग दाराशी उभा असलेला बेकरीवाला म्हणाला, "मला लिफ्टमध्ये होतं असं. म्हणून जिने चढतो. बायकोला सांगितलंय, व्यायाम!" हशा पिकला. मग तोच, हळू आवाजात — "गोळ्या चालू आहेत. बरं वाटतं. वेडाबिडा नाही झालो अजून."

आणि कोपऱ्यातला एक बाप उठला. "माझ्या मुलीला आई नाही. अकराची झाली. पाळी आली तर मी काय बोलू तिच्याशी?"

नर्सबाई खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसली. "आली तर नाही हो, येणारच! आधीच सांगायचं. म्हणून दाखवा बघू आत्ता." मुलगी कोण? बेकरीवाला! एवढाल्या मिशा, आणि लाजत विचारतोय, "बाबा, खूप दुखतं का हो?" लोक हसून लोळले. बाप हसता हसता रडला, पण शेवटपर्यंत म्हणाला: "घाबरू नकोस. घाण नाही ती. काहीही झालं तरी मला सांग."

खोली रिकामी व्हायचं नाव घेईना.

१५ ऑक्टोबर

दादा मनाच्या डॉक्टरांकडे जाऊन आला! सोबत बेकरीवाला. वहिनी सांगते, कुणाची छाती जास्त धडधडते यावर दोघं वाटभर भांडले.

तिथून दादा तडक डेपोत. साहेबांना स्वतःच सांगितलं, "कंबर नाही, मन." साहेब म्हणे, "आमच्या मेहुण्याचंही तेच." उपचार चालू असेपर्यंत वेळापत्रकाच्या टेबलावर काम. नोकरी वाचली! मी पाटी डोक्यावर धरून नाचले.

१८ ऑक्टोबर, शनिवार

खुर्च्या कमी पडल्या. लोक पावाचे क्रेट उपडे घालून बसले. मी पाटीवर 'नमस्कार' लिहून उंच धरलं. कुणी बघेल तर शपथ! सगळे आधीच बोलत होते.

२१ ऑक्टोबर

घसा बरा. डॉक्टर म्हणाले, "बोला आता हवं तेवढं." रस्त्यात एक वाक्य म्हणून पाहिलं. खणखणीत! कुत्रं दचकून उठलं.

घरी आले. गळ्याचा रुमाल धुऊन वाळत घातला. शनिवारी बांधायला लागेल.