ब्रेक दाबल्यावर लागणारा दिवा

९ फेब्रु., सोम.
काल भाच्याचा साखरपुडा. ताईच्या नवऱ्याला, दाजींना, हॉलचा रस्ता माहीत नाही, म्हणून ते स्कूटरवर माझ्या गाडीमागे. त्यांच्या मोहने गावातून बाहेर पडतोय तोच कुत्रं आडवं आलं. ब्रेक दाबला. मागून धाड. माझा बंपर गेला, दाजींचं उजवं मनगट मोडलं. मीच उचललं, मीच दवाखान्यात नेलं. प्लास्टर घालून हॉलवर आलो, तर सगळ्यांसमोर म्हणतात, "तुझा लाइटच लागला नाही रे."

चोराच्या उलट्या बोंबा. डॅशबोर्डवर बुद्धमूर्ती आहे, तिच्यामागचा निळा दिवा ब्रेकच्याच वायरवर घेतलाय. ब्रेक दाबला की लागतो. काल लागलेला, डोळ्यांनी बघितला. तसं सांगितलं. वर म्हणालो, "सकाळी थोडी घेतलेली असेल."

दाजींनी दारू सोडून बारा वर्षं झाली.

१० फेब्रु., मंगळ.
सुषमा बोलत नाही. बायको म्हणून ताट वाढलं, एवढंच. मी तरी कुठे बोलायला बसलोय. जित्याची खोड म्हणतात ती...

१२ फेब्रु., गुरु.
मानपाड्याला कंपनीच्या गेटात वॉचमन म्हणाला, "साहेब, ब्रेक मारला की मागची लाइट नाय लागत. एकपण नाय."
धडकेत बल्ब गेले असणार. जेवणाच्या सुट्टीत दोन्ही बदलले. नाही. फ्यूज काढून बघितला, शाबूत. मूर्तीचा दिवा मात्र झकास. मग मागे काय मेलंय?

१३ फेब्रु., शुक्र.
गाडीचा वायरमन अन्वर. पॅडलखाली उताणा झोपून टॉर्च मारली. "ये जोड किसने मारा?"
ज्याने मूर्तीचा दिवा बसवला त्याने. ब्रेकची वायर मधेच कापून, दिव्याची त्यात पिळून, वर टेप. दिव्यापर्यंत करंट येतो. मागे जाणारं टोक निसटलेलं.
विचारलं, धडकेत निसटलं असेल ना?
"मागून ठोकल्यावर इकडे काय होणार? तांबं हिरवं पडलंय बघा. सहा महिने तरी झाले."
पाच मिनिटांत लाइट लागले.
सहा महिने मी ब्रेक दाबतोय, दिवा बघतोय आणि खूश होतोय. एकदा उतरून मागे बघायची अक्कल नाही. कंपनीच्या लॅबमध्ये नव्या पोरांना शिकवतो, रीडिंग दोनदा घ्या.

१४ फेब्रु., शनि.
ही गोष्ट फक्त अन्वरला माहीत. त्याला दाजी कोण ते माहीत नाही. गप्प बसलो तर कोणाला कळणार नाही, दिवसभर हेच डोक्यात. लाज वाटते, पण विचार आला तो आला.

१५ फेब्रु., रवि.
ताईचा फोन. मोहन्याच्या विहारात दर रविवारी वंदना दाजी घेतात. आज घेतली नाही. कोणी अडवलं नाही, स्वतःच मागे बसले. "दारू न पिण्याचं पाचवं शील कुठल्या तोंडाने देऊ, म्हणतात. सुरामेरय म्हटलं की लोक माझ्याकडे बघतील." मग ताई रडली.
मी हूं हूं केलं. असं फोनवर सांगू नये, असं मनाला समजावलं. साफ खोटं. भ्यायलो.

१७ फेब्रु., मंगळ.
सुषमाला सांगितलं. "मला काय सांगताय? जिथे सांगायचं तिथे जा."
ड्यूटी सुटल्यावर मोहने. ताईला दारातच सगळं बोलून टाकलं. ती म्हणाली, "बोललास भरल्या हॉलात, आणि माफी मागतोस उंबऱ्यावर. शहाणा आहेस."
आतून दाजी म्हणाले, "राहू दे गं. चहा ठेव त्याच्यासाठी." डाव्या हाताने कप धरून समोर बसले. एक शब्द वाकडा बोलले नाहीत. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

२२ फेब्रु., रवि.
सकाळी विहारात गेलो. वंदना दुसऱ्याने घेतली. दाजी शेवटच्या ओळीत. नंतर सूचना सांगतात तेव्हा उभा राहिलो. गाडीचे लाइट बंद होते, दाजी खरं बोलले, मी खोटा आळ घेतला. एक म्हातारे म्हणाले, "बरं केलंस." बाकीच्यांनी माना हलवल्या. साखरपुड्याला आलेली मुलीकडची माणसं इथे नव्हतीच. त्यांना कोण सांगणार.

बाहेर पडल्यावर दाजींना म्हटलं, घरी सोडतो. ते थांबले. "लाइटचं सोड. ते तुला माहीत नव्हतं. पण मी घेतलेली नाही, हे तर माहीत होतं ना तुला?"

मी त्यांना रस्त्यावरून उचललेलं. तोंडाजवळ तोंड आलेलं. गाडीत बसवेपर्यंत त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. वास नव्हता. हॉलमध्ये बोलायच्या आधीपासून मला ते माहीत होतं.

ते गाडीत न बसता चालत गेले. 'माहीत होतं' एवढं दाजींना सांगायला संध्याकाळपासून दोनदा फोन हातात घेतला. अजून लावलेला नाही.