आळसाचा रिपोर्ट

प्रिय लीलाताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे फाडलं नसशील, तर आधी बातमी. काल सायली आमच्या डोकमर्डीच्या बिल्डिंगचे तीन मजले न थांबता चढली. धाप नाही, खोकला नाही. कठड्याला धरून मीच उभी, आणि वरून ती, "मम्मी, चल ना, किती स्लो!" अकरा वर्षांच्या लेकीकडून इतका गोड अपमान माझा कधी झाला नव्हता.

दीड वर्ष पोरगी कोरडं खोकत होती. सिल्वासात खोकल्याचा आरोपी ठरलेला असतो, कंपनी. सायलीचा बाप नवनाथ कंपनीत धाग्याच्या खात्यात, म्हणजे आरोपी घरातच सापडला. बिचारा ड्युटीचे कपडे जिन्यातच बादलीत टाकून टॉवेलवर घरात शिरायचा, आंघोळीआधी लेकीला शिवायचा नाही. समोरच्या केसरबाई त्या वेळेला दार लावून घ्यायच्या. दम्याचा पंपही झाला, उपयोग शून्य. आणि मी? पोरगी पायरीवर बसली की म्हणायचे, "महाराणी, पालखी बोलावू?"

शेवटी मुंबईला सीटी स्कॅन केलं. फुप्फुसांतलं नाजूक अस्तर सुजलेलं, सोबत थायरॉइड बिघडलेला. शरीराची राखणदार फौज स्वतःच्याच घरावर चालून गेलेली, दोन्हीकडे. डॉक्टर म्हणाले, कपड्यांच्या धुळीचा यात दोष नाही. नवनाथ पाळी संपवून तसाच आला होता. त्याने ड्युटीच्या कपड्यांतच लेकीला कुशीत घेतलं, ते सोडेचना. आता स्टेरॉइड आणि थायरॉइडची गोळी चालू आहे, बरेच दिवस चालेल. गाल फुगलेत. त्यावर मी एक अक्षर बोललेले नाही, नोंद घे.

डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात कुणाला थायरॉइड? मी ठणकावून नाही म्हणाले. बाहेर आल्यावर तू आठवलीस. मे महिन्यात शाल पांघरलेली, डोळे सुजलेले, भाकरी थापता थापता डुलकी घेणारी. त्याच शालीवर, तुझ्या ‘आळसा’वर मी दिवाळी अंकात विनोदी लेख लिहिला. लोक हसले, तुझ्या सासरचेही. नऊ वर्षं तू बोलली नाहीस.

काल वर पोचल्यावर सायलीने विचारलं, "म्हणजे मी आळशी नव्हते ना?" नव्हतीस, म्हटलं. तेव्हा कळलं, हेच उत्तर आणखी एकीला द्यायचं राहिलंय. ताई, या आठवड्यात थायरॉइडसाठी रक्त तपासून घे. रिपोर्ट काहीही येवो, तो लेख खोटा होता.

तुझीच, जिभेला गाठ मारून बसलेली,
मनीषा