तंबू मालनबाईचाच

नमो बुद्धाय. जय भीम.

लिहून ठेवणार: श्रीमती मालनबाई अप्पाराव हिवराळे, वय एकाहत्तर, धंदा शिवणकाम (डोळ्यांमुळे आता बंद), राहणार मुकुंदवाडी, रेल्वे स्टेशनच्या अलीकडची गल्ली, छत्रपती संभाजीनगर.

हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने आणि पूर्ण शुद्धीवर राहून लिहीत आहे. कुणाच्या धाकाने नव्हे, आणि कुणाच्या लाडीगोडीने तर नव्हेच. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. किती शाबूत आहे ते पुढे वाचणाऱ्याला कळेलच. वकील मंजुषाताईंनी मला छापील नमुना दिला होता. त्यात मिळकतीचं वर्णन लिहायला भरपूर जागा होती, मनातलं लिहायला एक ओळ नव्हती. म्हणून कोऱ्या कागदावर लिहिते.

१. राहते घर माझ्या पश्चात मुलगा प्रणय याचे. बँकेतील ठेव मुलगी विशाखा हिची. दोघांनी यावरून तकरार करू नये. दोघं शहाणी आहेत, करणार नाहीत. माझ्या तकरारी वेगळ्या आहेत.

२. दागिने. माझ्या गळ्यातली पोत सून संध्या हिला द्यावी. सासूबाई गोजरबाई यांच्या सोन्याच्या पाटल्या मला कुणालाच देता येत नाहीत, कारण त्या माझ्याकडे नाहीत. मी थोरली सून. मी त्यांचं पाच वर्षं अंथरुणावरचं केलं. तरी जाताना त्यांनी पाटल्या धाकटीच्या हातात घातल्या. धाकटी म्हणजे माझे दीर बन्सी यांची बायको आशाबाई, राहणार हर्सूल. पाटल्यांवर माझा हक्क सांगत नाही. फक्त नोंद असावी.

३. माझी काळी पायमशीन. हिच्यावर मी निम्म्या मुकुंदवाडीच्या पोरांचे शाळेचे गणवेश शिवले. ती संध्याला द्यावी. संध्याला बॉबिन कुठं बसते तेही ठाऊक नाही, तरी तिलाच द्यावी. अट एकच. सदर मशीनला आशाबाईने हात लावायचा नाही. पुसायलासुद्धा नाही. 'आक्का, मी जरा पाय मारून बघू का?' असं ती लग्न होऊन आली तेव्हापासून विचारते आहे आणि मी तेव्हापासून नाही म्हणते आहे. जिवंतपणी हो म्हटलं नाही, आता मेल्यावर कशाला म्हणू?

४. तंबू. हे कलम लांबणार आहे, वाचणाऱ्याने पाणी पिऊन बसावे.

दर विजयादशमीला, म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, कन्नड तालुक्यातली आमची सगळी भावकी जीप करून येते. बुद्धलेणीच्या पायथ्याजवळ ओळखीच्या माणसाच्या मोकळ्या प्लॉटवर आम्ही सारे मुक्कामाला उतरतो. पूर्वी चादरी बांधून सावली करायचो. मग माझे यजमान अप्पाराव यांनी जुन्या बाजारातून एक मोठा तंबू आणला. कुठल्याशा ट्रेकिंगवाल्यांनी मोडीत काढलेला, जाड सुती कापडाचा, लोखंडी दांड्यांचा. मोठा म्हणून आणला खरा, पण आमच्या भावकीपुढं तो टोपीएवढा. निम्मे आत, निम्मे उन्हात, आणि आतले-बाहेरचे यांच्यात रुसवेफुगवे.

तेव्हा मी त्याची मागची भिंत उसवली. अप्पाराव कपाळाला हात लावून म्हणाले, "मालन, चांगल्या तंबूचं वाटोळं केलंस." मी तीच भिंत मागं सरकवली, मधल्या जागेत नवं कापड घातलं, आणि खोली दुप्पट झाली. पुढच्या साली पुढं ओसरी काढली, तिला नळाचे पाइप उभे केले. मग एका अंगाला स्वयंपाकाची पडवी. मग लेकुरवाळ्या बायांसाठी पडद्याआडचा कोपरा. मग खिडक्या, त्यांना मच्छरदाणीची जाळी आणि वरून गुंडाळायची झडप. छत लांबलं की मधोमध झोळ पडतो आणि पाणी साचतं, म्हणून मध्ये एक दांडा वाढवला. दांड्याच्या टोकानं कापड फाटू नये म्हणून तिथं चामड्याचा तुकडा शिवला. तो तुकडा अप्पारावांच्या चपलेचा आहे. ते गेले, पण छताला अजून त्यांचीच चप्पल टेकू देते.

हे सगळं मी केलं. एकटीनं. कापड इतकं जड की मशीनच्या पलीकडं बसून कुणीतरी ते उचलून धरावं लागायचं, शिवण पुढं सरकेल तसं ओढून घ्यावं लागायचं. त्या कामाला आशाबाई असायची. पण धरणं म्हणजे शिवणं नव्हे. वरातीत घोडा धरणाऱ्याला कुणी नवरदेव म्हणत नाही.

मग आलं ते पावसाचं साल. विजयादशमीच्या आदल्या दिवशी सगळे तंबूत बसलेले, आणि धो धो सुरू झाला. जुनं कापड जागच्या जागी राहिलं. नवं कापड भिजलं आणि आटलं. कोरं सुती कापड शिवण्याआधी भिजवून वाळवून घ्यावं लागतं, हे दुकानदाराने मला सांगायला हवं होतं. त्याने सांगितलं नाही. कापड आटून शिवण ताणली गेली, सुईची भोकं उघडली आणि माझ्या वाढवलेल्या खोलीत धार लागली. सगळे माझ्याकडं बघायला लागले. कन्नडच्या पारूआत्या तर मोठ्यानं म्हणाल्या, "जुनाच तंबू बरा व्हता गं माय."

आशाबाई उठली. वंदनेसाठी आणलेल्या मेणबत्त्यांचा पुडा तिनं फोडला. पदरानं शिवण पुसायची आणि आतून मेण घासायची, असं करत ती अख्ख्या छताखालून फिरली. गळती थांबली. वंदनेच्या मेणबत्त्या अशा संपवल्या म्हणून तिला कुणी एक शब्द बोललं नाही. उलट पारूआत्यांनी तिची अलाबला घेतली. "आशा होती म्हणून निभावलं!" सगळी भावकी हेच म्हणाली, आणि त्यात अप्पारावांचा आवाज मी ओळखला.

त्या दिवसापासून तंबूचं नाव पडलं आशाकाकूचा तंबू. ओसरी माझी, खिडक्या माझ्या, पडवी माझी, नाव काकूचं. माझ्या पोटच्या पोरानं, प्रणयनं, मोबाइलवर भावकीचा ग्रुप काढला. त्याचं नाव काय तर 'काकूचा तंबू'. त्यावर फोटो कुणाचा? पडवीत भाकरी थापणाऱ्या आशाबाईचा. मलाही त्या ग्रुपात घेतलं आहे, मेहरबानी झाली. रोज सकाळी मोबाइल उघडला की पहिलं तेच नाव दिसतं आणि चहा कडू लागतो.

मी जळते का? जळते. लिहून देते. पायाच्या अंगठ्यापासून जळते. आशाबाईच्या पोटात मात्र कधी काही जळत नाही. तिला हेवा म्हणजे काय ते माहीतच नाही, असं सगळी भावकी म्हणते आणि मीही येथे तसेच नमूद करते. तिचा मला सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल तर याचाच.

सबब, सदर तंबू दांडे, खुंट्या, दोऱ्या आणि जाळ्यांसह मुलगी विशाखा हिला द्यावा, राहणार पुणे. तिच्या फ्लॅटमध्ये तो उभारायला जागा नाही, हे मला ठाऊक आहे. माळ्यावर घडी घालून ठेवावा. कधी उघडला गेला नाही तरी चालेल. उभाच राहिला नाही तर त्याला काकूचा कोण म्हणणार?

या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून शेजारी बद्रीनाथ खरात आणि खुद्द आशाबाई यांनी सह्या कराव्यात. आशाबाईनेच करावी. म्हणजे तिला हे सगळं वाचावं लागेल.

येथपर्यंतचा मजकूर सकाळी लिहिला. यापुढचा आशाबाई येऊन बसल्यानंतरचा आहे.

ती हर्सूलहून शहरबसनं आली, येताना शेंगदाण्याची चटणी घेऊन आली. मी चटणीकडं बघितलंही नाही. कागद पुढं सरकवला, पेन दिलं. तिनं माझाच चष्मा लावला आणि ओठ हलवत सगळं वाचलं. चपलेच्या ओळीपाशी हसली. शेवटी पेन खाली ठेवलं.

"आक्का, मी यावर सही करणार नाय."

"का? तंबू मिळाला नाही म्हणून?"

"तंबू पुण्याला द्या, नायतर हर्सूलच्या तळ्यात टाका. तुमचा हाय. पर यात खोटं लिवलंय. खोट्यावर साक्ष कशी द्यायची?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "काय खोटं? मी शिवला नाही?"

"तुम्हीच शिवला. टाका न् टाका तुमचा. पर मला हेवा म्हायती नाय, हे कुणी सांगितलं तुम्हाला? लई जळले मी, आक्का. पलीकडं बसून कापड ओढायचे, तवा तुमची शिवण माझ्याकडं सरकत यायची. रेघ मारल्यागत सरळ. वाटायचं, एकदा, एक टाका तरी माझ्या पायानं पडावा. तुम्ही मशीनला हात लावू दिला नाय. त्या पावसात तुमची शिवण गळाली ना, तर माझ्या काळजात गार वाटलं. म्हणलं, बरं झालं! मग माझी मलाच शरम वाटली, म्हणून मेणबत्त्या घेऊन उठले. अन् लोकं म्हणली, आशा किती गुणाची. आता बोला."

खरं लिहायचं तर मला इतका आनंद झाला की तो कोणत्या कलमात बसवावा ते कळेना. एवढी वर्षं मला वाटत होतं, या घरात मी एकटीच जळते.

"आणि पाटल्या?" मी विचारलं.

"पाटल्या पितळेच्या निघाल्या. सोनाराकडं नेल्या तवाच कळलं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस, भवाने?"

"तुम्ही त्यांच्याकडं बघून जळायच्या ना," ती म्हणाली, "मला बरं वाटायचं."

सबब खालीलप्रमाणे फेरबदल करते. आता मी मघापेक्षाही जास्त शुद्धीवर आहे.

कलम २ मधील पाटल्यांची नोंद रद्द. सासूबाईंनी आम्हा दोघींनाही बनवलं, तेव्हा त्यांच्याबद्दल माझी तकरार वेगळी, आणि ती मी त्यांना भेटल्यावर सांगेन.

कलम ४ मध्ये विशाखाऐवजी आशाबाई बन्सी हिवराळे असे वाचावे. तंबूचा हेवा ज्या बाईनं केला, तिलाच त्याची किंमत कळते. अटी आहेत. तंबू दर विजयादशमीला उभारावा, माळ्यावर कुजवू नये. ओसरीच्या झालरीवर ऑइलपेंटने ठळक लिहावे: मालनबाईचा तंबू. कुणी काकूचा म्हटलं तर त्याला त्या दिवशी जेवायला वाढू नये. प्रणयने ग्रुपचे नाव बदलावे; भाकरीचा फोटो राहू द्यावा, त्यात मागं माझी खिडकी चांगली आली आहे. पुढे तंबू वाढवायचा झाल्यास नवे कापड आधी भिजवून, वाळवून घ्यावे.

कलम ३ मधील मशीनची अट रद्द. माझ्या मरणानंतर नव्हे, आत्ताच रद्द, कारण मेल्यावर मला बघायला मिळणार नाही. ओसरीची कड मागच्या साली उसवली होती. ती काढून आशाबाईला मशीनवर बसवली आहे. पलीकडं कापड धरून मी बसले आहे. चांगलंच जड आहे.

तिचा पहिला टाका वाकडा पडला. त्याचा मला झालेला आनंद येथे नमूद करते.

हे मी लिहिले, वाचले आणि सही केली.

सही: मालनबाई अप्पाराव हिवराळे

साक्षीदार:

१. बद्रीनाथ खरात, शेजारी, मुकुंदवाडी. (सही)

२. आशाबाई बन्सी हिवराळे, हर्सूल. (हे नाव मी स्वतः खोडले आहे. वकीलबाईंनी बजावले होते की ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. त्याऐवजी दगडाबाई साळवे, समोरच्या घरातल्या, यांची सही घेतली. मशीनचा आवाज ऐकून त्या आपणहून आल्या आणि म्हणाल्या, "आज कोण शिवतंय गं? लई वाकडं चाललंय.")

स्थळ: मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
रविवार, दि. ९ नोव्हेंबर २०२५