मुठीवरच्या तीन खाचा

२ मार्च

तीर्थरूप बाबांना,
सा. न. वि. वि.

नोकरीला निघताना तुम्ही स्वतः घडवलेला घडीचा चाकू हातावर ठेवलात, तेव्हा मी तोंड वाकडं केलं होतं. पदवी घेतलेल्या मुलीनं चाकू घेऊन हिंडायचं का, असंही म्हणाले होते. आता शब्द गिळते. टपालाची सुतळी कापायला, पेन्सिलीला टोक करायला, पेरू चिरायला सगळी कचेरी माझ्याकडेच येते. हेडक्लार्कनी अंगठ्यानं धार चाचपली आणि मुठीवरच्या तीन खाचा कशाच्या, ते विचारलं. ताईच्या चाकूला एक, दादाच्या दोन आणि मी तिसरी, असं सांगितलं तेव्हा म्हणाले, तुमच्या वडिलांनी हजेरीपटच कोरलाय.

इथल्या गोदामात हमाली करणाऱ्या दादाचं मात्र ठीक नाही. गोदामातला मुकादम माणसांना पट्ट्यानं मारतो. गेल्या आठवड्यात एका म्हाताऱ्या हमालाचा कान फाटला. मी तक्रारीचा अर्ज लिहून दिला. म्हाताऱ्यानं अंगठा लावला, सही एकट्या दादानं केली. पण लिहिलेलं कधीतरी कोणीतरी वाचतंच, असा माझा विश्वास आहे.

आईला नमस्कार. रागावलात तरी माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
धाकटी

७ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

बॅरिस्टरबाई, अर्ज झकास झाला असेल, पण मुकादमाला वाचता येतं का, ते आधी विचारायचं. आई म्हणते, तुझ्या जिभेला धार पुरेशी आहे, तू चाकूचीच काळजी घे. पात्याला अधूनमधून तेलाचं बोट लाव. फटीत पेरूचा रस राहिला तर गंज धरेल.

दादाला घरचा नियम पुन्हा सांग. माणूस हाताच्या अंतरावर आला की आधी पातं मिटायचं, मग बोलायचं. हे कशामुळे ते तुला कधी सांगितलं नव्हतं. माझे आजोबा चाकूनं काठी तासत असताना भावाशी भांडले. भाऊ अंगावर धावला, पातं उघडंच होतं. आजोबांच्या मांडीवर रक्त ओकत तो गेला. तेव्हापासून आपल्या घरात हात आपोआप पातं मिटतो. दादाला तर मी लहानपणी बोटांवर पट्टी मारून शिकवलंय.

जपून राहा. पत्राला खंड पडला तर माझ्या हातचं काम बिघडतं, एवढं ध्यानात ठेव.

बाबा

१५ मार्च

तीर्थरूप बाबांना,
सा. न.

अक्षर लावून वाचा.

चार दिवसांपूर्वी दुपारी दादाचा डबा घेऊन गोदामात गेले होते. फडक्याची गाठ घट्ट बसली होती, ती कापायला चाकू उघडला. दादा पलीकडे गठ्ठ्याची दोरी कापत होता. मुकादमाच्या हाती माझा अर्ज पडला होता. त्यानं म्हाताऱ्या हमालाला खाली पाडून लाथा घातल्या. म्हातारा दात थुंकत होता. दादानं हटकलं, तसा मुकादम पोती ओढायचा लोखंडी आकडा घेऊन त्याच्यावर धावला.

दादाच्या हातात उघडं पातं होतं. त्यानं ते मिटलं. दोन्ही हातांनी, तुम्ही शिकवलंत तसं. तेवढ्यात आकडा त्याच्या गालात रुतला आणि मुकादमानं हिसडा दिला. गाल फाटून जबडा दिसू लागला. आकडा पुन्हा वर गेला, तेव्हा मी माझं पातं मुकादमाच्या मांडीत मुठीपर्यंत घातलं. काढून पुन्हा घातलं. रक्त तोंडावर उडालं, गरम होतं. मी पातं मिटलं नाही, बाबा.

पोलिस आले तेव्हा माझा चाकू खाली पडला होता. दादानं तो ओढून घेतला. त्याला बोलता येत नाही, पण हाच माझा, असं त्यानं लिहून दिलं. पोलिसांनी दोन्ही चाकू नेले. हमाल म्हणतात, आम्ही काही पाहिलं नाही. इस्पितळात दादानं मला चिठ्ठी दाखवली: घरात एकच शिकलीय, तिला तुरुंगात जाऊ द्यायचं नाही. अजून मी खरं सांगितलेलं नाही. मुकादम शुद्धीवर नाही. मी काय करू?

धाकटी

१७ मार्च

तीर्थरूप बाबांना,
सा. न.

मुकादम काल मेला. आता दादावर खुनाचं कलम लागेल. आज सकाळी चौकीत जाऊन मी सगळं सांगितलं. फौजदारांना वाटतं, भावासाठी बहीण खोटं बोलतेय. चाकू कोणाचा ते घडवणाराच सांगेल, म्हणून त्यांचा माणूस तुमच्याकडे निघालाय. आई पाया पडेल, तरी तीनच म्हणा. अर्ज लिहायला शिकले, आता खाली सही करायलाही शिकू द्या.

जशी आहे तशी तुमचीच,
धाकटी

१८ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद, घेतलेस तर.

हे वाचून तू माझं तोंड पाहणार नाहीस. तुझं पंधरा तारखेचं पत्र आज मिळालं. उत्तर लिहायला बसलो तोच पोलिस दोन चाकू घेऊन दुकानात आला. मुकादम मेल्याचं त्यानंच सांगितलं. रक्ताचा चाकू कोणत्या लेकराचा, एवढंच विचारलं. त्याच्या पाठीमागे, दारात उभी राहून आई मला दोन बोटं दाखवत होती.

मी मुठीवरून अंगठा फिरवला. मग दुसरा, दोन खाचांचा चाकू उघडला. पात्यावर दोरीचे तंतू होते, रक्ताचा थेंब नव्हता. मी मारून शिकवलेलं दादानं जबडा फाटेपर्यंत पाळलं. त्याला खुनी कसं म्हणू? मी तीन म्हणालो. तुला न विचारता म्हणालो.

आई बोलत नाही. उद्या पहिल्या गाडीनं निघतो. तू तोंड फिरवलंस तरी चौकीच्या पायरीवर बसून राहीन.

माया मागायचा हक्क उरला नाही, तरी मागतो.

बाबा